हार्डडिस्क तिसऱ्यांदा ‘गेली’? जुन्या पीसीला नवी डिस्क घ्यायच्या आधी हे बघा

कराडला मामांचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. तिथला पीसी २०१० सालचा, जी४१ चिपसेटचा बोर्ड, ड्युअल कोर प्रोसेसर, ४ जीबी रॅम. तुम्ही म्हणाल फेकून द्या की राव, पण त्यात पानं जुळवायचं पेजमेकर आहे, श्रीलिपीचे जुने मराठी फॉन्ट आहेत, ते चालायला मागे किल्लीसारखं लावलेलं डोंगल आहे आणि पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका आहेत, आणि गिऱ्हाईक येऊन सांगतं की थोरलीच्या लग्नाला जी केली होती तश्शीच धाकटीला करा. नव्या मशीनवर ते सगळं हलवणं म्हणजे लगीनसराईत दुकान आठवडाभर बंद. त्यामुळे पीसी तोच राहणार, फक्त डिस्क बदलत राहायची, असं चाललेलं.

२०१९ ला पहिली ५०० जीबीची गेली. २०२२ ला दुसरी. आणि २०२४ च्या दिवाळीला मी भाऊबीजेला गेलो तर मामा म्हणाले, "अरे तिसरी पण गेली बघ, आता तूच एखादी चांगल्यातली सांग." मी पण शहाण्यासारखा लगेच मोबाईलवर एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी चिपवाली डिस्क, बघायला लागलो, मग जरा डोकं चाललं की तीन डिस्क पाच वर्षांत जातात म्हणजे गडबड डिस्कमध्ये नसून दुसरीकडे असणार. हे लिहितोय ते त्यासाठीच, कारण हाच प्रश्न मला वर्षातून चारपाच जण तरी विचारतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न "किती जीबीची घेऊ" हाच असतो.

लक्षणं सांगतो. काम करता करता माऊस हलतोय पण बाकी सगळं थिजलेलं, कॅबिनेटवरचा लाल दिवा सलग पेटलेला, मिनिटभराने आपोआप सुटतं. कधीकधी सकाळी चालू केल्यावर काळ्या स्क्रीनवर "रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस", मग बंद करून, कॅबिनेटला एक थाप मारून परत चालू केलं की चालू. ती थाप लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आधी एक सोडवून टाकू. लाल दिवा सलग पेटतो म्हणजे डिस्क खराब, असं धरून चालू नका. रॅम १-२ जीबीच असेल आणि वर ब्राउझर उघडला तर विंडोज रॅमचं काम डिस्कवर ढकलतं आणि दिवा तसाच जळत राहतो. टास्क मॅनेजर उघडून मेमरी ९० टक्क्यांच्या वर आहे का बघा, असेल तर आधी रॅम, मग डिस्क. मामांकडे रॅमचा प्रश्न नव्हता.

आता खरी तपासणी. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते टाका. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवत असते, त्याला स्मार्ट म्हणतात, ती हे सॉफ्टवेअर दाखवतं. वर निळं गुड किंवा पिवळं कॉशन लिहून येतं पण त्याच्यावर जाऊ नका, खालच्या यादीतल्या चार ओळी बघा. ०५ म्हणजे खराब झालेले सेक्टर (डिस्कवरचे डेटा ठेवायचे बारीक कप्पे) बाजूला काढून त्यांच्या जागी राखीव सेक्टर किती वापरले. सी५ म्हणजे वाचता येईनात म्हणून रांगेत थांबलेले सेक्टर. सी६ म्हणजे ज्यांचं काहीच होऊ शकलं नाही ते. ह्या तिन्हींत शून्य पाहिजे, सी५ आणि ०५ वाढत चालले असतील तर डिस्क खरंच निघालीय. आणि चौथी ओळ सी७, सीआरसी एररची. ही डिस्कच्या तब्येतीची नाहीच, डिस्क आणि बोर्ड यांच्यामध्ये जाता-येता डेटा किती वेळा बिघडला त्याची मोजणी आहे. म्हणजे केबल.

एक गोम आहे, हे आकडे सुरुवातीला हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाने मोजायच्या पद्धतीत, दिसतात. फंक्शन मेनूत ॲडव्हान्स्ड फीचर, त्यात रॉ व्हॅल्यूज, तिथे दहाचा पर्याय निवडला की आपल्याला कळतील असे आकडे येतात.

मामांच्या तिसऱ्या डिस्कचं ०५, सी५, सी६ तिन्ही शून्य. सी७ मात्र नऊशेच्या वर. मी म्हटलं, "मामा, ती २०२२ ला काढलेली डिस्क कुठाय?" मामा काही फेकत नाहीत, ड्रॉवरमधनं वर्तमानपत्रात गुंडाळलेली काढून दिली. १ टीबीची. माझ्या लॅपटॉपला यूएसबी डॉकने जोडली, सी७ ला ५८४ दिसलं, ते हेक्स, म्हणजे १४१२. बाकी सगळं स्वच्छ. पूर्ण डिस्क शेवटपर्यंत वाचून काढली, एकही बॅड सेक्टर नाही. म्हणजे धडधाकट डिस्क अडीच वर्षं ड्रॉवरमध्ये आणि तिच्या जागी मामांनी पैसे मोजून नवीन आणलेली. मामी म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हणत होते." काय म्हणत होत्या ते मामांनी विचारलं नाही.

कॅबिनेट उघडलं तर डिस्क बोर्डाला जोडणारी लाल रंगाची साटा केबल, पंधरा वर्षांची, टोकाला चिमटा नसलेली, बोर्डाच्या बाजूला सैल. कॅबिनेट टेबलाखाली जमिनीवर, रोज झाडू मारताना पायाने सरकवायचं. हलकी थाप मारली की टोक परत बसायचं आणि पीसी चालू. दोन्ही वेळा डिस्क बदलली, केबल एकदाही नाही. लोखंडी चिमटा असलेली साधी साटा केबल बसवली, पॉवरचं कनेक्टर पण दुसरं लावलं, पोर्ट बदललं. सी७ चा आकडा केबल बदलली म्हणून शून्य होत नाही, तो त्या डिस्कवर कायमचा राहतो, फक्त वाढायचा थांबला पाहिजे. आकडा लिहून ठेवा, आठवड्याने परत बघा.

डिस्क आतून टिक-टिक, कट-कट वाजत असेल तर मात्र वरचं सगळं सोडा. तपासणी, विंडोजचं डिस्क दुरुस्त करणारं चेकडिस्क, काहीही चालवू नका, चेकडिस्क त्या मरायला टेकलेल्या डिस्कला कोपऱ्या-कोपऱ्यातून पळवत राहतं आणि जे वाचलं असतं ते पण जातं. आधी महत्त्वाच्या फायली बाहेर काढा, मग बाकीचं. मामांची २०१९ ची पहिली डिस्क खरंच अशीच गेली होती, त्यात काही शंका नाही.

बरं, केबल बदलून हँग होणं थांबलं. पण पीसी संथच होता, चालू व्हायला चार मिनिटं. इथून पुढे कोणती डिस्क घ्यायची हा प्रश्न सुरू होतो.

तिसरी डिस्क दुकानदाराने दिली होती २ टीबीची, "मोठी घ्या, भाव तेवढाच आहे" म्हणून. ती निघाली एसएमआर. आपल्याकडे कौलारू छपरावर कौलं कशी एकावर एक चढवतात, तसे हिचे ट्रॅक एकमेकांवर थोडे थोडे चढवलेले असतात, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त डेटा मावतो. पण मधलंच एक कौल बदलायचं तर वरची सगळी काढून परत रचावी लागतात ना, तसंच इथे, छोटा बदल लिहायला पण आजूबाजूचा पट्टा परत लिहावा लागतो. सिनेमे साठवायला, बॅकअपला चालतं. ज्या डिस्कवर विंडोज आहे आणि दिवसभर बारीकसारीक लिहिणं चालू आहे तिथे रडवतं. जिचे ट्रॅक असे चढवलेले नसतात ती सीएमआर. २०२० साली नॅससाठी (नेटवर्कला जोडून ठेवायच्या साठवणीच्या पेटीसाठी) म्हणून विकलेल्या काही डिस्क न सांगता एसएमआर निघाल्या म्हणून बराच गदारोळ झाला आणि त्यानंतर कंपन्यांनी कुठलं मॉडेल कुठल्या प्रकारचं याच्या याद्या आपापल्या साइटवर लावल्या. डब्यावर सहसा लिहिलेलं नसतं, मॉडेल नंबर टाकून यादीत बघायचं. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कमध्ये १ टीबी आणि वरच्या आता बहुतेक एसएमआरच आहेत.

त्यात आणखी एक भानगड सापडली. २०१० ला ह्या पीसीवर एक्सपी होतं, नंतर डिस्कच्या त्याच भागावर, म्हणजे पार्टिशनवर, विंडोज ७ टाकलं, आणि प्रत्येक वेळी दुकानदाराने जुन्यावरून नवीवर जसंच्या तसं क्लोन मारलं. एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करायचं. २०११ पासून बाजारात येणाऱ्या डिस्क आतून ४०९६ बाइटच्या सेक्टरच्या असतात, मग विंडोजचा प्रत्येक तुकडा दोन सेक्टरांवर तंगड्या टाकून बसतो, आणि एक लिहायचं तिथे दोन वाचून दोन लिहावे लागतात. बघायचं असेल तर रनमध्ये एमएसइन्फो३२ टाका, कॉम्पोनंट्स, स्टोरेज, डिस्क्स मध्ये पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट असतो, त्याला ४०९६ ने भागा. मामांचा ३२२५६ होता, उत्तर ७.८७५, म्हणजे चुकलेलं. विंडोज ७ ने स्वतः कोऱ्या डिस्कवर पार्टिशन केलं असतं तर १०४८५७६ आला असता, बरोब्बर २५६. म्हणून एक्सपीच्या काळातलं पार्टिशन असेल तर डोळे झाकून क्लोन मारू नका, कोरी डिस्क, कोरं विंडोज, मग फायली कॉपी.

आता निवड. जुन्या पीसीत विंडोजसाठी एसएसडीच घ्या, यावर माझ्याशी वाद घालू नका. लोक म्हणतात बोर्ड साटा २ चा आहे, एसएसडी साटा ३ ची, स्पीड वाया जाणार. जाणार ना, सलग मोठी फाईल वाचताना ५५० ऐवजी २७० एमबीच्या आसपास मिळेल. पण पीसी चालू होताना मोठी फाईल कोण वाचतंय, तेव्हा हजारो छोट्या फायली इकडून तिकडून उचलायच्या असतात, आणि त्या कामात फिरणारी हार्डडिस्क सेकंदाला एक एमबीसुद्धा गाठत नाही कारण तिचं डोकं हलण्यातच वेळ जातो. एसएसडी तिथे वीस-तीस एमबी सहज देते. फरक पडतो तो इथे. साटा ३ ची डिस्क साटा २ च्या पोर्टला बिनदिक्कत चालते, फक्त २००५ च्या आगेमागेचे काही वाया चिपसेटचे बोर्ड आहेत ज्यांना नवीन डिस्क दिसतच नाही, तसला असेल तर आधी दुसऱ्याची उसनी लावून बघा. आणि त्याहून जुना, रुंद चपट्या पट्टीवाल्या ४० पिनच्या आयडीई केबलचाच असेल तर त्याच्यावर पैसे घालण्याआधी दोनदा विचार करा.

एनव्हीएमई, म्हणजे छोट्या पट्टीसारखी जास्त वेगवान एसएसडी, घेऊ नका. स्वस्त दिसते म्हणून लोक घेऊन येतात आणि मग विचारतात कुठे बसवू. २०१० च्या बोर्डाला ती पट्टी बसवायची जागाच नाही, पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटमध्ये कार्ड घालून बसवली तरी जुनं बायोस (पीसी चालू होताना सगळ्यात आधी चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) तिच्यावरून विंडोज चालू करत नाही. लॅपटॉपमध्ये तर अजून घोळ, पट्टी बसवायची एम डॉट टू ची खाच दिसते पण त्यात काही ठिकाणी फक्त साटावाली चालते, काही ठिकाणी फक्त एनव्हीएमई, दोन्ही दिसायला बहिणी. लॅपटॉपचं मॅन्युअल बघितल्याशिवाय घ्यायचीच नाही. अडीच इंची घेताना जाडी बघा, एसएसडी ७ मिलिमीटरच्या असतात, जुन्या लॅपटॉपची जागा ९.५ ची असते, तेव्हा सोबत येणारी प्लास्टिकची चौकट लावली की हलत नाही. उलटं मात्र होत नाही, ७ च्या जागेत ९.५ ची हार्डडिस्क कोंबू नका.

एसएसडी किती मोठी? विंडोज आणि सॉफ्टवेअरला २४० भागते, पण जवळपास भरलेली एसएसडी मंदावते म्हणून मी ५०० घेतो. आतल्या मेमरीचा प्रकार टीएलसी आहे का बघा, क्यूएलसी टाळा. क्यूएलसीवाल्या आणि फारच स्वस्तातल्या एसएसडी सुरुवातीला पळतात आणि मोठं कॉपी करायला घेतलं की मध्येच दमून हार्डडिस्कच्याही खाली जातात. किती लिहिलं की संपते याची भीती लोकांना फार. ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीला कंपनी १८० ते ३०० टीबी लिहिण्याची हमी देते. मामा दिवसाला ५ जीबी लिहीत असतील असं धरलं तरी १८० टीबी व्हायला जवळजवळ शंभर वर्षं. पत्रिका तेवढ्या छापून होत नाहीत.

"१६ टीबी एसएसडी" म्हणून काहीशे रुपयांना ऑनलाइन मिळतात त्या बघायच्या पण नाहीत. आत एखादं मेमरी कार्ड असतं आणि आकडा खोटा लिहिलेला असतो, भरत जाल तशा आधीच्या फायली पुसल्या जातात. घेऊन बसला असाल तर खरी जागा तपासणारं एचटूटेस्टडब्ल्यू चालवा, दूध का दूध होईल. खऱ्या डिस्कवर पण मामांनी विचारलंच, "५०० म्हणून घेतली, ४६५ दाखवतंय, ३५ कुठं गेले?" कुठं नाही गेले, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.

फिरणारी हार्डडिस्क घ्यायचीच असेल, डेटासाठी, तर १ टीबी सीएमआर बघा. जुन्या बायोसवर २ टीबीच्या वर जाऊ नका. पार्टिशनची नोंद ठेवायच्या जुन्या एमबीआर पद्धतीत सेक्टर मोजायला जेवढे आकडे आहेत ते २.२ टीबीला संपतात, ४ टीबीची लावून त्यावरूनच विंडोज चालवायला गेलात तर निम्मी डिस्क वापरताच येणार नाही. दुकानदार सीसीटीव्हीवाली गळ्यात मारतो, ती कॅमेऱ्याचं सलग रेकॉर्डिंग लिहायला बनवलेली असते, पीसीत चालते पण विंडोजसाठी ती नाही. आणि "नवीनच आहे, फक्त बॉक्स नाही" असं म्हणाला तर तिथल्या तिथे लावून क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पॉवर ऑन अवर्स बघा. नव्या डिस्कचे तास एक आकडी असतात. काही महाभाग तो आकडा पण शून्य करून ठेवतात, म्हणून डिस्कवरचा सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी शिल्लक आहे का ते पैसे द्यायच्या आधी बघायचं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला घ्या नाहीतर गावात घ्या, हे दोन मिनिटांचं काम आहे आणि जो दुकानदार हे करू देत नाही तिथून उठायचं.

बसवताना एकच इशारा, पॉवरसाठी जुन्या मोठ्या चार पिनच्या मोलेक्सवरून साटा करणारी जोडवायर लागली तर प्लास्टिक ओतून बंद केलेल्या टोकाची घेऊ नका, तसल्या आतून शॉर्ट होऊन जळल्याचे प्रकार झालेत. वायरी वेगवेगळ्या दिसतात, वरून दाबून बसवलेल्या असतात, तशी घ्या. एसएसडीला फिरणारं काही नसतं त्यामुळे ब्रॅकेट नसेल तर डबल टेपने चिकटवली तरी चालतं, मी तेच केलं. बायोसमध्ये एएचसीआय (डिस्कशी बोलायची नवी पद्धत) असेल तर विंडोज टाकायच्या आधी ते लावा, नंतर बदललं तर निळी स्क्रीन येते. मामांच्या बोर्डाची आयसीएच७ चिप, तिला एएचसीआय नाहीच, जुन्या आयडीई मोडमध्येच चालवलं आणि काही अडलं नाही.

जुन्या डिस्कला पुसण्याची घाई करू नका. काही जुन्या सॉफ्टवेअरची नोंदणी डिस्कच्या नंबरला बांधलेली असते, नव्या डिस्कवर ते परत नोंदणी मागतं. पेजमेकर निभावलं, फॉन्ट डोंगलमुळे निभावले, पण बिलाचं सॉफ्टवेअर अडलं, ते बनवणाऱ्याला फोन करून दोन दिवसांनी नवीन की मिळाली, तोपर्यंत मामांनी पावती पुस्तकावर काम चालवलं. विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून नेहमीचे अपडेट नाहीत, म्हणून ह्या पीसीचं इंटरनेट काढून टाकलं, व्हॉट्सॲपवर आलेले फोटो मोबाईलवरून केबलने घ्यायचे. विंडोज १० वाल्यांचं पण ऑक्टोबर २०२५ ला तेच झालंय आणि इतकी जुनी मशीन ११ च्या यादीत बसत नाही, तेव्हा डिस्क बदलून पीसी पळेल, पण नेटवर बँकेची कामं करायला तो घेऊ नका.

यूपीएसची बॅटरी पण मेलेली होती, लाईट गेली की पीसी धाडकन बंद. ती बदलली. बॅकअपला एक बाहेरची हार्डडिस्क, दर रविवारी. त्यासाठी एसएसडी घेऊन महिनोन्महिने कपाटात ठेवू नका, बंद राहिलेल्या एसएसडीतला डेटा हळूहळू विरू शकतो, आणि चालू एसएसडीसुद्धा जाते तेव्हा न वाजता एकदम जाते, टिक-टिक करून आधी कळवत नाही.

वर्ष होऊन गेलं. पीसी चालू व्हायला आता ३५-४० सेकंद. विंडोज एसएसडीवर आणि पत्रिका त्या ड्रॉवरमधल्या १ टीबीवर, जी ‘गेली’ म्हणून काढली होती. २ टीबीची बॅकअपला लावली. कॅबिनेट टेबलावर घेतलंय आणि त्याच्यावर मार्करने १४१२ लिहिलंय. मामा दर महिन्याच्या एक तारखेला सी७ बघतात आणि मला मेसेज करतात. कालचा मेसेज, "१४१२."